फुलपाखराचे जीवनचक्र : वर्गाने तयार करावयाचा चित्रपट

(इयत्ता चौथी व पाचवी, विषय : परिसर अभ्यास)

१. प्रास्ताविक

प्राथमिक शाळेत फुलपाखराच्या जीवनचक्राचा पाठ पुष्कळदा एका तासात संपतो. फळ्यावर एक वर्तुळ काढले जाते, त्याच्या चार बाजूंना अंडे, अळी, कोष व फुलपाखरू अशी चार चित्रे येतात, आणि त्यांना जोडणारे चार बाण काढले की मुले चारही नावे एका सुरात म्हणून दाखवितात. परीक्षेतील प्रश्नाचे उत्तर त्यांना येते. परंतु शाळेच्या कुंपणाशी असलेल्या कढीलिंबाच्या पानावर तीच अळी बसलेली असते व तिला पक्ष्याची विष्ठा समजून तीच मुले पुढे निघून जातात. पाठ झाला, अळी मात्र पाहिली गेली नाही.

ही उणीव दूर करण्याचा एक चांगला मार्ग म्हणजे मुलांनी हे जीवनचक्र दिवसादिवसाने स्वतः पाहणे आणि पाहिलेले टिपून त्याचा तीन-चार मिनिटांचा चित्रपट तयार करणे. पूर्वी चित्रण ही खेड्यातील शाळेच्या आवाक्याबाहेरची गोष्ट होती. आज शिक्षकाजवळच्या साध्या मोबाइलमध्येही छायाचित्र व चित्रफीत घेण्याची सोय असते. साधन हाती आलेले आहे. त्याचा उपयोग मुलांची दृष्टी घडविण्याकडे कसा करावा, हा विचार या पाठात मांडला आहे.

या कामाला महाराष्ट्रात जुना व मोलाचा आधार आहे. त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके १९१२ साली विलायतेस जाऊन आले व त्यांनी तेथून कॅमेरा मिळविला. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट १९१३ साली लोकांपुढे आला, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याआधी त्यांनी एक अगदी छोटा चित्रपट तयार केला होता, हे थोड्यांस माहीत असते. कुंडीत पेरलेल्या वाटाण्यासमोर कॅमेरा ठेवून त्यांनी रोपाची वाढ कित्येक दिवस थोडी थोडी टिपली आणि ती सुमारे एका मिनिटात पडद्यावर दाखविली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने तो ओळखला जातो. आपल्या कलेविषयी भांडवल देणाऱ्यांची खात्री पटविणे हा त्यांचा हेतू होता. तरीही भारतीय चित्रपटाच्या अगदी आरंभी एक निसर्गपाठ उभा आहे, ही गोष्ट शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावी. दीर्घ काळ धीराने पाहणे व तो काळ थोडक्यात दाखविणे, हीच रीत फुलपाखराच्या चित्रपटातही अवलंबावयाची आहे.

२. पाठाचा हेतू

या पाठाचे हेतू तीन आहेत. पहिला, मुलांनी एकाच जिवाकडे सुमारे महिनाभर रोज पाहावे. दुसरा, पाहिलेले मोजावे, लिहावे व चित्रात उतरवावे. तिसरा हेतू सर्वांत महत्त्वाचा आहे : जे पाहिले तेवढेच ‘पाहिले’ म्हणावे आणि जे पाहता आले नाही ते तसे मोकळेपणाने सांगावे. चित्रपट सुंदर झाला, पण त्यात न पाहिलेले पाहिल्यासारखे दाखविले, तर पाठ फसला असे समजावे. उलट चित्रे थोडी अंधुक आली, पण प्रत्येक चित्राखालील तारीख खरी असली, तर पाठ साधला असे समजण्यास हरकत नाही.

३. ऋतू, झाड व अळी यांची निवड

महाराष्ट्रात जुलै ते ऑक्टोबर हा काळ या कामास सोयीचा असतो. पावसाने झाडांना कोवळी पालवी फुटते व फुलपाखरे त्या पालवीवर अंडी घालतात. शाळेच्या आवारात किंवा घरोघरच्या परसात लिंबू, कढीलिंब अथवा बेल यांपैकी एखादे झाड बहुधा मिळते. या झाडांवर वाढणारे पिवळट-काळ्या ठिपक्यांचे, मागच्या पंखांवर तांबडा डाग असलेले ‘लिंबावरचे फुलपाखरू’ महाराष्ट्रात जवळजवळ सर्वत्र आढळते. पाठासाठी हेच निवडावे.

येथे एका शब्दाविषयी सावध राहावे. पुष्कळ गावांत ‘लिंब’ म्हटले की कडुलिंब समजला जातो. ‘लिंबाची पाने आणा’ असे सांगितले तर काही मुले कडुलिंबाच्या डहाळ्या आणतील, आणि त्या खाण्याऐवजी अळी उपाशी मरेल. ज्या झाडावर अळी सापडली त्याच झाडाची पाने तिला द्यावीत, हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा. पानांवर औषध फवारलेले नाही, याचीही खात्री करून घ्यावी.

‘सुरवंट’ या शब्दाचाही असाच घोटाळा होतो. ग्रामीण बोलण्यात सुरवंट म्हणजे अंगावर केस असलेली, स्पर्श होताच खाज आणणारी अळी. लिंबावरच्या फुलपाखराची अळी तशी नसते; तिचे अंग बिनकेसांचे असते. केसाळ अळ्यांस मुलांनी हात लावू नये. ओळखीच्या नसलेल्या अळ्या घरी वा शाळेत आणू नयेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याने काही फुलपाखरांना संरक्षण दिलेले आहे, हेही शिक्षकांनी ध्यानात ठेवावे.

अळी सापडताच तिचे नाव जाहीर करण्याची घाई करू नये. याच झाडांवर त्याच कुळातील एका काळ्या फुलपाखराची अळीही वाढते व लहानपणी दोघी एकमेकींसारख्या दिसतात. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेली राणी पाकोळी हीसुद्धा याच कुळातील असून तिची अळीही लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढते. तेव्हा ‘कोणते फुलपाखरू निघेल?’ हा प्रश्न शेवटच्या दिवसापर्यंत उघडा ठेवावा. मुलांचे अंदाज कागदावर लिहून घ्यावेत व तो कागद कोषातून फुलपाखरू निघाल्यावरच वाचावा.

४. साधने व मांडणी

पुठ्ठ्याचे एक मोठे खोके घ्यावे. त्याची एक बाजू कापून तेथे मच्छरदाणीचे कापड लावावे. पाण्याने भरलेल्या लहान बाटलीत झाडाची डहाळी ठेवून बाटलीच्या तोंडाशी कापसाचा बोळा बसवावा. तो नसेल तर अळी बाटलीत उतरून बुडते. तळाशी कागद पसरून तो रोज बदलावा. अळी बोटांनी उचलू नये. ती ज्या पानावर असेल ते पान नव्या डहाळीवर ठेवले की ती आपणहून पुढे जाते. कामाच्या आधी व नंतर मुलांनी हात धुवावेत.

तीन किंवा चार अळ्या निरनिराळ्या खोक्यांत ठेवाव्यात व त्यांना अ, ब, क, ड अशी अक्षरे द्यावीत. एकीचे काही झाले तर काम थांबत नाही, शिवाय तुलना करता येते. त्यांहून अधिक अळ्या आणू नयेत. सांभाळता येईल तेवढाच जीव शाळेत आणावा.

मोबाइल हातात धरून चित्र घेतल्यास ते हलते व रोज निराळ्या अंतरावरून येते. म्हणून विटांची चळत किंवा लाकडी खोका यावर मोबाइल टेकवावा आणि खोक्याची व मोबाइलची जागा खडूने आखून ठेवावी. प्रकाश खिडकीतून एका बाजूने यावा. तीव्र दिवा किंवा झगझगीत उजेड अळीवर पाडू नये. फार जवळ नेल्यास मोबाइलचे चित्र अंधुक येते. अशा वेळी त्याच्या भिंगापुढे साधे हातभिंग धरले असता अंडेदेखील स्पष्ट दिसते. प्रत्येक चित्रात एका कोपऱ्यास मोजपट्टी व तारखेची चिठ्ठी असावी. चित्रण चालू असताना कॉल येणार नाही अशी व्यवस्था आधीच करावी.

५. कामाची वाटणी

वर्गाचे चार गट पाडावेत : चित्र घेणारा, नोंद ठेवणारा, अळीची देखभाल करणारा व निवेदन लिहिणारा. दर आठवड्यास गटांची कामे बदलावीत. मोबाइल नेहमी वर्गातील सर्वांत धीट मुलाच्या हाती जातो व मुलींच्या वाट्यास पाने आणणे व झाडलोट एवढेच येते, असे होऊ नये. दोनशिक्षकी शाळेत वरच्या इयत्तांनी चित्रण करावे व खालच्या इयत्तांनी चित्रे काढावीत. एकाच खोलीत भरणाऱ्या वर्गांना हा पाठ उलट अधिक सोयीचा पडतो.

मोबाइलने टिपण्यापूर्वी प्रत्येक मुलाने आपल्या वहीत पेन्सिलीने चित्र काढावे, ही अट ठेवावी. चित्र काढताना पाय किती, पट्टे कोठे, डोके कोणते हे पाहावेच लागते. कळ दाबताना ते पाहावे लागत नाही. जर्मनीत जन्मलेल्या मारिया सिबिला मेरियन या बाईंनी अळ्या स्वतः पाळून व त्यांची चित्रे काढून कीटकांचे रूपांतर जगापुढे मांडले. दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम येथील कीटकांवरील त्यांचा ग्रंथ १७०५ साली प्रसिद्ध झाला. कीटक व तो ज्यावर वाढतो ती वनस्पती त्यांनी एकाच पानावर दाखविली. ज्या शाळेत मोबाइलची सोय नाही तेथे हा सबंध पाठ चित्रवहीवर घेता येईल.

६. चित्रणाचा क्रम

अंडे : मादी कोवळ्या पानांवर बहुधा एकेक अंडे घालते. ते फिकट पिवळसर, गोल व एक ते दीड मिलिमीटर व्यासाचे असते. ते सुमारे तीन-चार दिवसांत उबते. उबण्याआधी त्याचा रंग गडद होतो. बाहेर आलेली अळी प्रथम अंड्याचे कवच खाते. हा प्रसंग काही मिनिटांचा असल्याने तो टिपता येईलच असे नाही. टिपता आला तर वर्गाचे भाग्य समजावे.

अळी : ही अवस्था सुमारे दोन आठवड्यांची असते. या काळात अळी चार वेळा कात टाकते, म्हणजे तिच्या वाढीच्या पाच पायऱ्या होतात. पहिल्या चार पायऱ्यांत ती तपकिरी-काळी असून तिच्यावर पांढरे डाग असतात; त्यामुळे ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते व भक्षकांच्या नजरेतून सुटते. पाचव्या पायरीस ती हिरवी होते. एका दिवसात झालेला हा पालट मुलांना चकित करतो. पूर्ण वाढलेली अळी सुमारे चार सेंटिमीटर लांब असते.

अळीस धोका वाटला तर तिच्या डोक्यामागून दोन फाट्यांचा नारिंगी अवयव बाहेर येतो व उग्र वास सुटतो. हे दृश्य नाट्यमय असल्याने ते पुनःपुन्हा टिपण्याचा मोह होतो. शिक्षकांनी तो आवरावा. चित्रासाठी अळीस डिवचू नये. डहाळी बदलताना ते सहज दिसले तर टिपावे. चित्रपट जिवासाठी आहे, जीव चित्रपटासाठी नाही, हा धडा मुलांना सांगून जितका पटतो त्याहून अधिक शिक्षकाच्या वागण्यातून पटतो.

अळी पान खाते तो प्रसंग दर दहा सेकंदांस एक छायाचित्र याप्रमाणे अर्धा तास टिपावा. ही चित्रे वेगाने एकामागून एक दाखविली असता पानाची कड आपल्या डोळ्यांदेखत नाहीशी होताना दिसते.

कोष : वाढ पूर्ण झाली की अळी खाणे सोडते, पातळ विष्ठा टाकते व जागा शोधीत हिंडते. या वेळी ती आजारी आहे असे मुलांस वाटते. मग ती डहाळीस रेशमी धाग्याची गादी करून तीत शेपटाकडील भाग अडकविते व कमरेभोवती एक धागा घेऊन त्याच्या आधाराने तिरपी राहते. नारळावर चढणारा मनुष्य दोरखंडाच्या फेऱ्यास अंग टेकतो, तसेच हे दृश्य असते. साधारण एका दिवसाने तिची शेवटची कात पाठीवर फाटते व आतून कोष प्रकट होतो.

येथे एक जुनी चूक दुरुस्त करण्याची संधी मिळते. ‘अळी स्वतःभोवती कोष विणते’ असे वाक्य मुलांच्या तोंडी असते. ते रेशमाच्या किड्यास लागू आहे. मराठीत दोन्हींना ‘कोष’ असेच म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो. लिंबावरच्या फुलपाखराच्या कोषाभोवती रेशमाचे वेष्टन नसते. कात गळताच उघडे पडलेले ते त्या जिवाचेच शरीर असते. हे एकदा चित्रफितीत पाहिले की पुन्हा सांगावे लागत नाही.

कोषाचा रंग हिरवा किंवा तपकिरी असतो व त्याचा परिसराशी संबंध असतो. एका खोक्यात हिरवी डहाळी व दुसऱ्यात वाळलेली काटकी ठेवून काय होते ते वर्गाने पाहावे. उत्तर आधी सांगू नये, आणि अपेक्षेविरुद्ध रंग आल्यास तीही नोंद करावी.

कोषाच्या आत अळीच्या शरीराचा बराच भाग विरघळतो. पंख, लांब पाय, सोंड इत्यादी अवयव अळीच्या देहात आधीपासून असलेल्या सूक्ष्म पेशीसमूहांतून वाढतात. हे बाहेरून दिसत नाही. कोष उघडून पाहण्याचा हट्ट मुले धरतात. पण उघडलेला कोष मरतो. २०१३ साली इंग्लंडमधील संशोधकांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने जिवंत कोषाच्या आतील बदल दिवसादिवसाने टिपल्याचे प्रसिद्ध केले, हे त्यांस सांगावे. जे आज दिसत नाही ते पाहण्याची योग्य रीत शोधता येते, एवढा विश्वास त्यातून त्यांना मिळावा.

फुलपाखरू : कोषावस्था उबदार दिवसांत सुमारे आठ-दहा दिवसांची असते व थंडीत लांबते. फुलपाखरू निघण्याच्या आदल्या दिवशी कोष गडद होतो व पंखांची नक्षी आतून दिसू लागते. ते बहुधा सकाळी निघते. म्हणून त्या दिवशी शाळा भरण्यापूर्वीच मोबाइल लावून ठेवावा. हा प्रसंग सलग चित्रफितीतच घ्यावा. कोष डोक्याकडे फाटतो, ओलसर देह बाहेर येतो, व चुरगळलेल्या कागदासारखे लहान पंख हळूहळू ताणले जातात. शरीरातील द्रव पंखांच्या शिरांत गेल्याने ते पसरतात. त्यानंतर पंख कडक होण्यास एक-दोन तास लागतात. या वेळी फुलपाखरू लालसर द्रव टाकते. ते रक्त नाही हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. बाहेर येण्यास त्याला कोणीही मदत करू नये. दयेपोटी ओढून काढलेल्या फुलपाखराचे पंख नीट पसरत नाहीत व ते कधीही उडू शकत नाही.

पंख वाळल्यावर त्याच दिवशी ते फुलझाडांजवळ सोडावे. पंख चिमटीत धरू नयेत. बोट पुढे केल्यास ते आपणहून चढते.

७. नोंदवही व गणित

नोंदवहीत तारखेनंतर तीन रकाने आखावेत : ‘पाहिले’, ‘मोजले’ व ‘वाटते’. ‘अळी आज हलली नाही’ हे पहिल्या रकान्यात जाईल. ‘लांबी २२ मिलिमीटर’ हे दुसऱ्यात. ‘तिला ताप आला आहे’ हे तिसऱ्यात. तिसऱ्या रकान्यातील वाक्ये खोडू नयेत. त्यांतूनच पुढचे प्रश्न निघतात. पुढे तिने कात टाकलेली दिसली की त्याच ओळीसमोर मुलाने स्वतः लिहावे : ‘कात टाकण्यापूर्वी अळी स्तब्ध राहते.’

चित्रपटातील काळाचा हिशेब हा पाचवीच्या गणिताचा उत्तम नमुना होय. दर दहा सेकंदांस एक या हिशेबाने अर्ध्या तासात १८० चित्रे होतात. ती सेकंदास १२ या वेगाने दाखविली तर १५ सेकंद पुरतात. कोषाची रोज दोन चित्रे नऊ दिवस घेतली तर १८ होतात व त्याच वेगाने ती दीड सेकंदात संपतात. नऊ दिवसांची प्रतीक्षा दीड सेकंदात दाखविली, तर पाहणाऱ्यास तिची लांबी कळेल काय? मुलांना यावर विचार करू द्यावा. ती बहुधा स्वतःच उपाय सुचवितात : चित्र थोडा वेळ स्थिर ठेवावे, किंवा दिवसांचे आकडे एकामागून एक दाखवावेत.

याबरोबर कागदाची एक लांब पट्टी भिंतीवर लावावी व एका दिवसास एक सेंटिमीटर धरून ती रंगवावी. अंड्यास तीन-चार, अळीस चौदा-पंधरा, कोषास आठ-दहा सेंटिमीटर येतील. फळ्यावरील वर्तुळात चारही अवस्था समान दिसत होत्या. पट्टी पाहिल्यावर या जिवाचे अर्धेअधिक बालपण केवळ खाण्यात जाते, हे मुलांच्या ध्यानात येते.

८. अळी मेली तर

हा प्रसंग पुष्कळ वर्गांत येतो व शिक्षकांनी त्यासाठी मनाची तयारी ठेवावी. एखादी अळी खाणे सोडून काळी पडते. एखाद्या कोषास बारीक भोके पडून त्यातून फुलपाखराऐवजी गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातील इवलेसे कीटक निघतात. त्यांनी आपली अंडी आधीच अळीत किंवा कोषात घातलेली असतात. मुले हिरमुसतात, काही रडतात. अशा वेळी खोके गुपचूप नाहीसे करून दुसरी अळी आणून ठेवण्याचा मोह होतो. तसे करू नये. मुलांना फसविले, ही गोष्ट त्यांना आज ना उद्या कळते. आणि मग नोंदवहीतील प्रत्येक खरी तारीखही संशयास्पद होते.

जे झाले ते टिपावे. अळी ‘ब’ मेली, हे तारखेसह चित्रपटात यावे. त्यानंतर एक हिशेब घालावा. एका मादीने १०० अंडी घातली, ती सर्व वाढली व प्रत्येक पिढीत निम्म्या माद्या झाल्या असे धरले, तर दुसऱ्या पिढीत ५,००० व तिसऱ्या पिढीत २,५०,००० फुलपाखरे होतील. मग गावातील लिंबाच्या झाडांवर पान उरेल काय? या हिशेबाने मुलांचे दुःख कमी होईलच असे नाही, आणि ते व्हावे अशी अपेक्षाही नको. पण ‘असे का?’ या प्रश्नास एक खरे उत्तर मिळते.

संत्रा-मोसंबीच्या भागांतील मुले येथे दुसरा प्रश्न विचारतील. याच अळ्या रोपवाटिकेतील कलमांची पाने फस्त करतात व घरची माणसे त्या वेचून मारतात. ‘मग आपण ती का पाळतो?’ शिक्षकांनी या प्रश्नास बगल देऊ नये. परसातील मोठ्या झाडाची चार पाने गेल्याने झाडाचे नुकसान होत नाही, कोवळ्या कलमाची गेली तर होते. एकच जीव एके ठिकाणी पाहुणा व दुसऱ्या ठिकाणी कीड ठरतो. जो तिला ओळखतो तो शेतकरी अंडे व लहान अळी असतानाच हाताने वेचू शकतो. अनुभवी बागायतदार पालकास एक तास वर्गात बोलावून ही माहिती त्याच्याच तोंडून ऐकविल्यास पाठास मोठे बळ येते.

९. चित्रांची जुळणी व निवेदन

चित्रे क्रमाने लावणे हे काम शिक्षकाने सुलभ करून द्यावे, पण निवड मुलांनी करावी. रविवारी किंवा सुटीत घडलेली गोष्ट चित्रात नसेल, तर तेथे काळ्या पाटीवर खडूने लिहून ती पाटी टिपावी : ‘कोष रविवारी झाला. तो होताना कोणी पाहिला नाही.’ अळी ‘अ’ हिचे चित्र नसल्याने ‘क’ हिचे घेतले असेल, तर अक्षर बदललेले स्पष्ट दाखवावे. काळ आखडून दाखविणे यात खोटेपणा नाही, कारण आकडे सोबत असतात. एकीच्या जागी दुसरी न सांगता दाखविणे हा मात्र खोटेपणा आहे. हा भेद दहा वर्षांच्या मुलास नीट समजतो.

निवेदन मुलांनी आपल्या घरच्या बोलीत प्रथम सांगावे, मग अहिराणी असो, वऱ्हाडी असो, मालवणी असो की गोंडी वा भिली असो. फुलपाखरास, अळीस, कोषास घरी काय म्हणतात हे आजीला विचारून यावे. त्यानंतर तेच प्रमाण मराठीत लिहावे. वाक्ये लहान असावीत व नोंदवहीतील पहिल्या दोन रकान्यांतून घ्यावीत. अळी आनंदली, कोष झोपला अशी वाक्ये शक्यतो टाळावीत. तिसऱ्या रकान्यातील एखादे वाक्य घ्यावयाचे असेल तर ‘आम्हांस वाटले’ असे म्हणावे.

तयार चित्रपट पालकसभेत दाखवावा. मुलांचे चेहरे व नावे असलेली चित्रे पालकांच्या संमतीवाचून शाळेबाहेर पाठवू नयेत.

१०. मूल्यमापन

या पाठाची परीक्षा चित्रपटाच्या देखणेपणावर घेऊ नये. पुढील प्रश्न उपयोगी पडतील :

(१) कोणती गोष्ट तू स्वतः पाहिलीस व कोणती दुसऱ्या गटाने सांगितली?
(२) अळी किती दिवसांत किती पटीने लांब झाली? कशावरून?
(३) रेशमाच्या किड्याचा कोष व लिंबावरच्या फुलपाखराचा कोष यांत फरक कोणता?
(४) चित्रपटात जे दाखविता आले नाही असे काय राहिले?
(५) पुढच्या वर्षीच्या वर्गाने काय निराळे करावे?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर ज्यास भरभरून देता येते त्या विद्यार्थ्यास पाठ उत्तम समजला, असे मानावे.

११. समारोप

या कामास पैसा फारसा लागत नाही. रोजची दहा मिनिटे व धीर लागतो. शाळा संपल्यावरही खोक्याशी रेंगाळणारी मुले, सुटीच्या दिवशी अळीस पाने घालण्यासाठी लागलेली पाळी, आणि कोष गडद झाल्याची बातमी सकाळी घरी आणणारा एखादा एरवी अबोल मुलगा, ही या पाठाची खरी फळे होत. नोंदवह्या व चित्रपट शाळेत जपून ठेवावेत. पुढील वर्षीच्या मुलांनी आपल्या तारखा त्यांच्याशी ताडून पाहाव्यात. पावसाळा लवकर आला की अंडी लवकर दिसतात काय, थंडीत कोष किती दिवस राहतो, कोणत्या झाडावर अळ्या अधिक येतात, या प्रश्नांची उत्तरे एका वर्षात मिळत नाहीत. वर्षामागून वर्ष खऱ्या नोंदी साठत गेल्या, तर ती उत्तरे गावातील शाळेलाच मिळतील. पहिल्या पावसानंतर कढीलिंबाला पालवी फुटताच कामास आरंभ करावा.